घास अडतो तेव्हा : तोंड-घशाच्या कर्करोगातील वजनघट आणि देहाची झीज

कर्करोगाच्या उपचारांची चर्चा सहसा शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे या तीन गोष्टींभोवती फिरते. रुग्णाच्या ताटात काय वाढले जाते आणि त्यातले पोटात किती उतरते, हा प्रश्न मात्र घरच्या मंडळींचा समजून बाजूला ठेवला जातो. जीभ, गाल, हिरड्या, घसा आणि स्वरयंत्र यांच्या कर्करोगांना वैद्यकशास्त्र एकत्रितपणे डोके-मान कर्करोग म्हणते, आणि या कर्करोगांत ही वाटणी टिकतच नाही, कारण येथे रोग उद्भवतो तो अन्नमार्गाच्या तोंडाशी आणि उपचारांचा मारा होतो तोही तेथेच. उपचारांच्या काळात या रुग्णांचे वजन झपाट्याने उतरते, त्या घटीमागे केवळ उपासमार नसून शरीराच्या चयापचयात झालेला खोल बिघाडही असतो, आणि या दोन्हींचा परिणाम थेट उपचारांच्या यशापयशावर होतो. वजनघटीकडे उपचारांचा एक अटळ दुष्परिणाम म्हणून न पाहता वजनाकडे उपचारांचेच एक माप म्हणून पाहिले पाहिजे, ही जाणीव गेल्या काही दशकांतील संशोधनाने दृढ केली आहे. रोजच्या व्यवहारात मात्र ती अजून पुरेशी उतरलेली नाही.

उपचारांपूर्वीच लागलेली ओहोटी

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२० साली भारतात ओठ आणि मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३५ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७५ हजार रुग्ण त्याने दगावले. भारतीय पुरुषांमध्ये हा कर्करोग संख्येने अग्रस्थानी आहे. त्याचे मूळ प्रामुख्याने तंबाखू आणि सुपारीत आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातील २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित, म्हणजे चघळण्याचा किंवा दाताला लावण्याचा तंबाखू वापरत असल्याचे दिसले, आणि महाराष्ट्रात हे प्रमाण देशाच्या सरासरीहून अधिक, सुमारे २४ टक्के होते. विदर्भातला खर्रा, इतरत्रचा मावा, गुटखा, चुना लावून मळलेला तंबाखू आणि स्त्रियांमधली मशेरी ही या सवयीची परिचित रूपे आहेत. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. परंतु सुपारी ही स्वतःच कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये निःसंदिग्धपणे नोंदवूनही तिच्याकडे अजून निरुपद्रवी मुखशुद्धी म्हणूनच पाहिले जाते.

सुपारीचा वजनाशी असलेला संबंध कर्करोगाच्याही आधी सुरू होतो. वर्षानुवर्षे सुपारी चघळल्याने गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतुमय ऊती साचत जातात, अस्तर पांढरट व ताठर होते आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होत जाते. या विकाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. तिखट सोसवत नाही, भाकरीचा तुकडा चावताना आग होते, आणि म्हणून रुग्ण नकळत मऊ व पातळ अन्नाकडे वळलेला असतो. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर ३५ मिलिमीटरांपेक्षा कमी झाले की त्याला ट्रिस्मस, म्हणजे जबड्याचा आखडलेपणा, असे म्हटले जाते. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात मावतात का, ही त्याची सोपी चाचणी आहे. त्यात गाठीची वेदना, गिळताना होणारा त्रास, हललेले दात आणि निदान ऐकल्यावर मेलेली भूक यांची भर पडते. त्यामुळे पश्चिमेकडील रुग्णांच्या तुलनेत आपल्याकडचा कष्टकरी रुग्ण पुष्कळदा मुळातच कमी वजनाचा असतो आणि उपचारांच्या पहिल्या दिवशीच त्याची पुंजी निम्मी खर्च झालेली असते.

उपास आणि झीज यांतला फरक

अन्न कमी मिळाले म्हणून होणारी वजनघट आणि कर्करोगातली वजनघट या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, आणि हा फरक समजल्याशिवाय पुढचे काहीच नीट उमगत नाही. निव्वळ उपासमारीत शरीर काय करते, याचा सर्वांत काटेकोर अभ्यास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी केला. ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी राहणे पत्करले, त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले आणि त्याच वेळी त्यांच्या शरीराचा विश्रांतीतला ऊर्जाखर्चही लक्षणीयरीत्या खाली आला. उपाशी शरीर काटकसर शिकते, चरबी जाळून त्यापासून कीटोन नावाची इंधनद्रव्ये बनवते, मेंदूलाही तीच पुरवते आणि स्नायूंतली प्रथिने शक्यतो राखून ठेवते. अन्न मिळू लागले की गेलेले वजन परत येते.

कर्करोगात ही काटकसर बिघडते. गाठ आणि तिच्याशी झुंजणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी मिळून सायटोकाइन नावाचे निरोप्या रेणू रक्तात सोडतात, ज्यांत ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ हे प्रमुख होत. यांपैकी पहिल्या रेणूचा शोध दोन वेगवेगळ्या वाटांनी लागला होता, आणि देहाची झीज घडवणारा ‘कॅकेक्टिन’ म्हणून ओळखला जाणारा रेणू तो हाच, हे १९८५ च्या सुमारास स्पष्ट झाले. हे रेणू मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागावर परिणाम करून भूक मारतात, स्नायूंतल्या प्रथिनांचे विघटन करणारी यंत्रणा चालू करतात आणि इन्शुलिनला स्नायूंनी द्यावयाचा प्रतिसाद मंदावतात. यकृत आपले काम बदलून सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनसारखी दाहाची प्रथिने बनवू लागते आणि अल्ब्युमिनचे उत्पादन घटवते; म्हणूनच रक्तातले अल्ब्युमिन कमी दिसले तर तो केवळ अपुऱ्या आहाराचा पुरावा मानता येत नाही, तो दाहाचाही निदर्शक असतो.

गाठीच्या स्वतःच्या खाण्याची रीतही खर्चिक असते. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले की कर्करोगाच्या पेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन न करता त्याचे लॅक्टेटमध्ये रूपांतर करतात. हे लॅक्टेट रक्तावाटे यकृतात जाते आणि तेथे त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनते; कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चक्रात गाठीला एका ग्लुकोज रेणूमागे ऊर्जेची दोन एकके मिळतात, तर तो परत घडवताना शरीराला सहा खर्चावी लागतात. मोठ्या गाठीच्या रुग्णात असा तोट्याचा व्यवहार अहोरात्र चालू राहू शकतो.

या सर्व बिघाडाला कॅकेक्सिया असे नाव आहे. २०११ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने त्याची व्याख्या निश्चित केली, आणि तिचा गाभा असा की या अवस्थेत कंकाल स्नायूंची सतत हानी होते, चरबी घटतेच असे नाही, आणि नेहमीच्या पोषणाने ही हानी पूर्णपणे भरून काढता येत नाही. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन घटणे, किंवा शरीर मुळात कृश असल्यास २ टक्क्यांहून अधिक घट होणे, हे त्याचे निकष आहेत. तोंड-घशाच्या कर्करोगाचे दुर्दैव हे की त्यात उपास आणि झीज दोन्ही एकत्र नांदतात. त्यातली आशेची बाजूही याच ठिकाणी आहे, कारण झीज थांबवणे वैद्यकाला अजून नीटसे साधलेले नसले, तरी उपास टाळणे बहुतेक वेळा साधण्यासारखे असते.

किरणांचे सहा-सात आठवडे

किरणोपचाराला बोलीत ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. सर्वसाधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, रोज सुमारे २ ग्रे, अशा हिशेबाने सहा ते सात आठवड्यांत एकूण ६० ते ७० ग्रे मात्रा दिली जाते. ऊतीच्या एका किलोग्रॅमने शोषलेली एक जूल किरणऊर्जा म्हणजे एक ग्रे. पहिला आठवडा बहुधा विनासायास जातो आणि त्यामुळे रुग्ण व नातेवाईक निर्धास्त होतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून मात्र तोंडाच्या आतले अस्तर लाल होते, सोलवटते आणि त्यावर व्रण पडतात. याला म्युकोसायटिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या श्रेणीनुसार तिसऱ्या पायरीवर रुग्ण फक्त पातळ पदार्थ घेऊ शकतो आणि चौथ्या पायरीवर तोंडाने काहीच जात नाही. स्वतःची लाळ गिळणेही नकोसे होते, म्हणून अंगावरच्या टॉवेलात ती टिपत बसलेले रुग्ण किरणोपचार विभागांबाहेर नेहमी दिसतात.

याच सुमारास चव जाते. पदार्थ मातीसारखा, कागदासारखा किंवा धातूसारखा लागतो, आणि ज्याच्यासाठी घरच्यांनी आवडीचे काही केले त्यालाच ते पुढ्यातून दूर सारावे लागते. कानाखालच्या पॅरोटिड ग्रंथींना किरण लागल्याने लाळ आटते आणि उरलेली लाळ चिकट होते. घास लाळेवाचून घोळला जात नाही, घशात अडकतो. ब्रिटनमध्ये ९४ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत किरणांची तीव्रता गाठीच्या आकारानुसार बदलणाऱ्या नव्या तंत्राने पॅरोटिड ग्रंथी वाचवल्यावर वर्षभरानंतर लक्षणीय कोरडेपणा असलेल्यांचे प्रमाण ७४ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले. त्यामुळे ग्रंथी वाचवणारे यंत्र आणि नियोजन ही चैन नसून रुग्णाच्या पुढच्या जेवणाची ती तरतूद असते.

किरणांबरोबर बहुधा सिस्प्लॅटिन हे औषध दिले जाते. त्याने तीव्र मळमळ व उलट्या होतात, मूत्रपिंडावर ताण येतो आणि लघवीवाटे मॅग्नेशियम वाहून जाते. उलटी रोखण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळे मधुमेही रुग्णाची साखर चढते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ३०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर तीन आठवड्यांनी दिलेल्या मोठ्या मात्रेने रोगाला दर आठवड्याच्या छोट्या मात्रेपेक्षा अधिक चांगला आळा बसला, परंतु तीव्र दुष्परिणामही अधिक झाले. प्रभावी उपचार सोसायचा तर सोसणारे शरीर हवे, हा या निष्कर्षातून निघणारा बोध आहे.

वजनाचा आकडा काय सांगतो

नेदरलँड्समध्ये किरणोपचार घेतलेल्या १,३४० रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उपचारांच्या काळात ५ टक्क्यांहून अधिक किंवा बाराव्या आठवड्यापर्यंत ७.५ टक्क्यांहून अधिक वजन घटणे ही गंभीर घट मानली होती. निम्म्याहून अधिक रुग्णांत ती आढळली आणि अशा रुग्णांचे या कर्करोगापासूनचे बचावणे इतरांपेक्षा कमी राहिले. ५० किलोंच्या माणसाच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे केवळ अडीच किलो, आणि तेवढी घट अंगावरच्या कपड्यांतून कोणाच्या लक्षातही येत नाही.

शिवाय घटलेल्या वजनात चरबीपेक्षा स्नायूंचा वाटा मोठा असू शकतो. म्हणून अलीकडे मानेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरील स्कॅनमधून स्नायूंचे क्षेत्रफळ मोजण्याची पद्धत विकसित झाली आहे. नियोजनासाठी हा स्कॅन काढलेलाच असतो, त्यामुळे वेगळा खर्च येत नाही. ज्यांचे स्नायू कमी असतात, त्यांच्यात सिस्प्लॅटिनची मात्रा दुष्परिणामांपायी कमी करावी लागण्याची शक्यता वाढते. अंगाने स्थूल दिसणाऱ्या रुग्णातही चरबीच्या आड स्नायू खंगलेले असू शकतात, त्यामुळे ‘यांना थोडे वजन कमी झालेले चालेल’ हा दिलासा धोक्याचा ठरतो.

वजन आणि किरणांची अचूकता यांचाही संबंध आहे. रोज डोके नेमके त्याच स्थितीत राहावे म्हणून रुग्णाच्या चेहऱ्यावर बसेल असा प्लास्टिकच्या जाळीचा मास्क सुरुवातीला घडवला जातो. गाल आणि मान आटली की तो सैल पडतो, पॅरोटिड ग्रंथी आतल्या बाजूला सरकतात आणि मिलिमीटरांच्या हिशेबाने आखलेली किरणे नको तेथे जाऊ लागतात. मग नवा मास्क, नवा स्कॅन आणि नवे नियोजन करावे लागते. अशक्तपणामुळे उपचारांत खंड पडला तर नुकसान त्याहून मोठे असते, कारण साधारण चौथ्या आठवड्यानंतर वाचलेल्या कर्करोगपेशी वेगाने वाढू लागतात आणि उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे १ ते १.४ टक्क्यांनी घटते, असे मानले जाते.

ताटातले गणित

या रुग्णांना दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ३० किलोकॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलोंच्या व्यक्तीला म्हणजे १,५०० किलोकॅलरी आणि किमान ६० ग्रॅम प्रथिने. घरोघरी मायेने दिली जाणारी भाताची पेज, वरणाचे पाणी आणि नारळपाणी घशाला सोसतात, पण त्यांत पाणीच अधिक असल्याने एवढी गरज त्यांतून भागत नाही. प्रश्न पातळपणाचा नसून त्या पातळपणात सामावलेल्या ऊर्जेचा आहे. तेच नाचणीचे सत्त्व पाण्याऐवजी दुधात शिजवले, मूगडाळीच्या कढणात तूप घातले, गुरगुट्या भात दही किंवा वरण घालून मिक्सरमधून काढला, शिकरणीत साय आणि दूध पावडर मिसळली, उकडलेले अंडे सुपात घोटले, तर तितक्याच वाट्यांत दुप्पट पोषण जाऊ शकते. तुपाच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे ४५ किलोकॅलरी आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. तीन वेळच्या जेवणाऐवजी दर दोन तासांनी थोडे, तिखट व आंबट वर्ज्य, पदार्थ कोमट किंवा गार, आणि वेदनाशामक औषध खाण्याच्या अर्धा तास आधी, ही पथ्ये साधी असली तरी परिणामकारक आहेत.

याउलट काही समजुती घात करतात. साखर बंद केली की गाठ उपाशी मरते, असे अनेकांना सांगितले जाते. परंतु शरीर स्नायू मोडून गरजेचे ग्लुकोज तयार करत असल्याने उपाशी राहतो तो रुग्ण, गाठ नव्हे. कर्करोगातील पोषणाविषयीच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी आहार आकुंचित करणाऱ्या अशा पथ्यांविरुद्ध स्पष्ट सल्ला दिला आहे.

आहारतज्ज्ञाचे मार्गदर्शन किती मोलाचे ठरते, याचा पुरावा लिस्बनमध्ये ७५ रुग्णांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून मिळाला. एका गटाला नेहमीच्या अन्नावर आधारित व्यक्तिगत सल्ला, दुसऱ्याला तयार पूरक पेये आणि तिसऱ्याला काहीही विशेष दिले नव्हते. उपचारांनंतर तीन महिन्यांनी लाभ टिकून राहिला तो सल्ला मिळालेल्या गटात. महागड्या डब्यापेक्षा रुग्णाच्या स्वयंपाकघरात काय आहे हे जाणून बोलणारा माणूस अधिक उपयोगी पडतो, असा याचा अर्थ आहे.

नळीची भीती

तोंडाने पुरेसे जात नाही असे दिसले की नाकातून जठरापर्यंत जाणारी नळी, जिला राइल्स ट्यूब म्हणतात, किंवा पोटाच्या भिंतीतून थेट जठरात बसवलेली नळी सुचवली जाते. दुसरी पद्धत १९८० पासून प्रचारात आली. ‘नळी लागली म्हणजे आता शेवट’ हा समज इतका खोल आहे की अनेक कुटुंबे मौल्यवान आठवडे नकारात घालवतात. वास्तविक नळी बहुतेकांना तात्पुरती असते आणि तिच्यामुळेच उपचार वेळेत पुरे होतात. ती सरसकट आधीच बसवावी की गरज पडल्यावर, याविषयी एकमत नाही. नळी असतानाही जमेल तेवढे गिळत राहणे आणि जबड्याचे व घशाचे व्यायाम चालू ठेवणे मात्र अगत्याचे असते, कारण न वापरलेले गिळण्याचे स्नायू आखडतात आणि पुढे नळी सुटत नाही. दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर अन्न देणेही घातक ठरू शकते. पेशी रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने ओढून घेतात आणि हृदयावर संकट येते. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात, आणि म्हणून अशा रुग्णाचा आहार तपासण्यांच्या साथीने पायरीपायरीने वाढवावा लागतो.

औषधांचा शोधही चालू आहे. पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेने २०२३ मध्ये दाखवले की ओलान्झापिन या जुन्या, स्वस्त औषधाच्या रोजच्या अडीच मिलिग्रॅम मात्रेने जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाच्या कर्करोगातील १२४ रुग्णांपैकी औषध मिळालेल्यांची भूक व वजन लक्षणीय वाढले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत भूक मारणाऱ्या जीडीएफ-१५ या रेणूला अडवणाऱ्या प्रतिपिंडानेही वजन वाढल्याचे दिसले. या दोन्ही चाचण्या डोके-मान कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या नाहीत, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे लावणे घाईचे होईल.

उपचार संपल्यानंतर

शेवटचा शेक झाला म्हणजे त्रास संपला, असे होत नाही. व्रण भरायला आणखी काही आठवडे लागतात, वजन त्यानंतरही काही काळ उतरत राहते, चव परतायला महिने जातात, आणि लाळ कित्येकदा पूर्ववत होतच नाही. मानेवर पडलेल्या किरणांमुळे थायरॉइड ग्रंथी पुढच्या काही वर्षांत मंदावू शकते. तेव्हा येणारा थकवा आणि चढणारे वजन ‘तब्येत सुधारली’ असे समजून दुर्लक्षिले जाते, म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच ही साधी रक्तचाचणी करावी लागते. लोकांसमोर जेवताना ठसका लागतो, घास सांडतो, जेवायला तास लागतो, आणि लग्नकार्याच्या पंगती टाळणारा रुग्ण हळूहळू घरातही एकटा जेवू लागतो. ही झीज कोणत्याच स्कॅनमध्ये दिसत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आर्थिक बाजूही आहे. गावाकडून मुंबईला आलेले कुटुंब सात आठवडे नातेवाइकांकडे किंवा दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहते. रोजंदारी बुडालेली असते आणि दूध, अंडी, तूप यांवरच प्रथम कात्री चालते. क्षयरोगाच्या बाबतीत देशाने पोषण हा उपचाराचाच भाग मानला आणि २०१८ पासून रुग्णांना त्यासाठी दरमहा थेट रक्कम देणे सुरू केले. झारखंडमधील मोठ्या अभ्यासाने पुढे दाखवले की पहिल्या दोन महिन्यांतील वजनवाढ आणि मृत्यूचा कमी धोका यांचे जवळचे नाते आहे. दोन रोग वेगळे असले तरी तत्त्व एकच आहे, आणि ज्या रुग्णाचे तोंडच उपचारांनी बंद होते त्याला ते लागू न करण्याचे कोणतेही कारण नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक किरणोपचार केंद्रात पहिल्या दिवसापासून दर आठवड्याला रुग्णाचे वजन होऊन ते उपचारपत्रकावर नोंदले जावे, आहारतज्ज्ञ आणि गिळण्याचे व्यायाम शिकवणारा वाक्-उपचारतज्ज्ञ ही पदे यंत्रांइतकीच आवश्यक मानली जावीत, आणि शासकीय योजनांतून किरणांचा खर्च दिला जातो तसा त्या सात आठवड्यांच्या अन्नाचाही दिला जावा. ते होईपर्यंत घरच्यांनी एक काटा विकत घ्यावा, उपचार सुरू होण्यापूर्वीचे वजन लिहून ठेवावे, आणि त्यात वीस किलोंमागे एक किलो घट दिसताच पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.